रेस उतरत नाही? इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा दोष पायरीपायरीने कसा शोधायचा

मूठ सोडली, मनगट सैल आहे, तरी इंजिनाची रेस खाली यायला तयार नाही. किंवा उलट: मूठ पिळली तरी क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम झेप घेते. केबलच्या गाडीवर असं झालं की आपण केबल बघतो, तेल सोडतो आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. राइड-बाय-वायर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या, दुचाकीत मूठ आणि इंजिन यांना थेट जोडणारी केबलच नसते. त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो आणि "थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल" या पहिल्याच सल्ल्याला मान डोलावतो. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा फिरत्या पाकळीने कमी-जास्त करणारा भाग) महागाची असते, आणि पुष्कळदा दोष तिच्यात नसतोच. म्हणून सुटा भाग मागवण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा.

ज्यांनी आजवर स्पार्क प्लगच्या पुढे हात घातलेला नाही, त्यांनाही यातलं बरंचसं जमेल. जवळ लागेल ते एवढंच: साधा डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च, धागे न सुटणारं मऊ कापड, थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. कोड आणि चालू आकडे दाखवणारा स्कॅनर मिळाला तर काम निम्म्याने हलकं होतं.

चालत्या गाडीवर थ्रॉटल अडकला तर

हे आधी वाचा, कारण दोष शोधायला गाडी आणि तुम्ही दोघंही धड असायला हवेत.

क्लच पूर्ण दाबा. त्याच क्षणी मागचं चाक इंजिनापासून सुटतं. इंजिन ओरडेल, रेव्ह लिमिटरवर (रेसच्या कमाल मर्यादेवर) धडकेल, पण त्याने लगेच काही बिघडत नाही, घाबरू नका. मग अंगठ्याने किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) दाबा आणि नेहमीसारखा ब्रेक लावत बाजूला या. क्लच लिव्हर नसलेल्या गाडीवर किल स्विच हाच पहिला उपाय. पाकळी सताड उघडी राहिली तरी किल स्विचने इंजिन थांबतं, कारण तो स्पार्क आणि पेट्रोल तोडतो, हवेशी त्याचा संबंध नाही. चावीकडे मात्र हात नेऊ नका. हँडलवरचा हात सुटतो, दिवे आणि एबीएस बंद पडतात, आणि घाईत चावी लॉकपर्यंत फिरण्याची भीती असते. नुसत्या ब्रेकच्या जोरावर उघड्या इंजिनाशी झुंजू नका.

एकदा जरी असं झालं असेल तर कारण सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. "परत नाही झालं" म्हणजे दोष गेला असं नाही. अधूनमधून येणारा दोष सगळ्यात वाईट, तो पुढच्या वेळी वळणावर येऊ शकतो.

मागणी, हुकूम, अंमल

मुठीपासून इंजिनापर्यंतचा प्रवास तीन टप्प्यांत होतो. मूठ पिळली की तिथला सेन्सर किती पिळली ते मोजतो आणि व्होल्टेजच्या रूपात कळवतो. ही मागणी. ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) ती वाचतो, इंजिनाचं तापमान, गिअर, रायडिंग मोड, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) हे सगळं बघतो आणि पाकळी किती उघडायची ते ठरवतो. हा हुकूम. थ्रॉटल बॉडीवरची छोटी डीसी मोटर गिअरच्या साहाय्याने पाकळी फिरवते आणि तिथला दुसरा सेन्सर पाकळी खरंच किती उघडली ते ईसीयूला परत सांगतो. हा अंमल. पुढच्या सगळ्या तपासणीत आपण फक्त एकच प्रश्न विचारणार आहोत: या तिघांपैकी कोण कोणाशी जुळत नाही?

सगळ्या राइड-बाय-वायर गाड्या सारख्या नसतात. २००६ च्या यामाहा आर६ मध्ये पाकळी मोटरनेच फिरायची, पण मुठीपासून सेन्सरपर्यंत केबल होतीच. पुढे काही गाड्यांत ती केबलही गेली. आजही दोन्ही पद्धतींच्या गाड्या रस्त्यावर आहेत. त्यामुळे आधी मुठीच्या मुळाशी बघा: तिथून काळी गोल केबल निघते की नुसती बारीक वायर? केबल निघत असेल तर जुन्या पद्धतीची केबलची दुखणी तुमच्याही गाडीला होऊ शकतात.

दोन्ही टोकांच्या सेन्सरमध्ये एकाऐवजी दोन मोजमापं असतात. दोन्ही एकाच हालचालीचं मोजमाप देतात, पण वेगवेगळ्या व्होल्टेजमध्ये. ईसीयू ती सतत ताडून बघतो. त्यांचं जुळलं नाही की तो मुठीवर विश्वास ठेवणं बंद करतो, चेक लाइट लावतो आणि पाकळी ठरावीक मर्यादेत धरून ठेवतो. याला लिंप मोड म्हणतात. मोटरचा करंट गेला तर स्प्रिंग पाकळीला अशा जागी आणते की बऱ्याच गाड्यांत ती किंचित उघडी राहते, म्हणजे इंजिन कसंबसं चालून गाडी कडेला तरी नेता येते. बंद गाडीची पाकळी पूर्ण मिटलेली दिसली नाही म्हणून ती अडकलीच आहे असं समजू नका.

लक्षण आधी कागदावर उतरवा

ही पायरी सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त वेळ याच पायरीमुळे वाचतो. थंड इंजिनावर होतं की तापल्यावर? पावसात किंवा धुतल्यानंतर? हँडल एका बाजूला वळवल्यावर? लाइट लागतो का? रेस हळूहळू उतरते की एका आकड्यावर खिळून बसते? अलीकडे ग्रिप, बार-एंड (हँडलच्या टोकाचं वजन), हँडगार्ड, अलार्म, जादा दिवे असं काही बसवलं का? गाडी पडली होती का?

उत्तरं पुरेशी असली की निम्मा निकाल इथेच लागतो. मूठच हाताला जड लागत असेल, सोडल्यावर परत फिरत नसेल, तर दोष यांत्रिक आहे आणि मुठीपाशीच आहे. मूठ झटकन परत येते पण रेस हळूहळू उतरते आणि लाइट नाही, तर पाकळीच्या कडेला साठलेला कार्बन किंवा कुठूनतरी आत शिरणारी जादा हवा यांच्यावर संशय घ्या. लाइट लागलाय, रेस एका पातळीवर अडलीय आणि मूठ कितीही पिळली तरी चढत नाही, तर पाकळी बहुधा अडकलेली नाही, ईसीयूनेच ती जाणूनबुजून रोखून धरलीय. हँडल वळवल्यावरच होतं तर हँडलच्या मानेपाशी जाणारी वायर किंवा केबल बघा.

काही गोष्टी दोष वाटतात, पण नसतात. थंड इंजिनाचं आयडलिंग जास्त असणं ठरवून केलेलं असतं, इंजिन तापलं की ते उतरायला हवं. धूर कमी राहावा म्हणून काही नव्या गाड्यांत मूठ सोडल्यावर पाकळी मुद्दाम जरा सावकाश मिटवतात. नवी घेतली तेव्हापासून तशीच असेल आणि त्याच मॉडेलची दुसरी गाडीही तशीच वागत असेल तर काळजी नको. रेस चढते पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय, थ्रॉटलच्या मागे लागू नका.

पायरी १: मूठ

इंजिन बंद, चावी बंद. मूठ पूर्ण पिळा आणि बोटं एकदम सोडा. ती स्वतःहून, न अडखळता, शून्यावर आदळायला हवी, शेवटी हलका "टक्" ऐकू येतो. आता तेच हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून करा. मग मूठ अगदी थोडी, पाव इंचभर, पिळून सोडा. पूर्ण पिळल्यावर स्प्रिंगचा जोर जास्त असतो आणि बारीक घासणं लपून जातं. थोडं पिळून सोडल्यावर ते उघडं पडतं.

मुठीच्या बाहेरच्या टोकाला टॉर्च धरा. रबर आणि बार-एंडचं वजन यांच्यात कागदाच्या दोन-तीन घड्या सहज सरकतील एवढी फट हवी. वापरात रबर बाहेरच्या बाजूला सरकत जातं आणि वजनाला टेकतं. टेकलेल्या जागी रबराची कड चकचकीत, गुळगुळीत झालेली दिसते, कधी काळी भुकटी जमलेली असते. एवढंसं घासणं स्प्रिंगला भारी पडतं. केबलच्या गाडीत दुसरी ओढकेबल मूठ मागे खेचायला मदत करते, इथे बहुतेक सगळा भार एका बारीक स्प्रिंगवर असतो, म्हणून ही फट जास्त महत्त्वाची. बार-एंडचा स्क्रू सोडून मूठ परत तपासा. मोकळी झाली तर दोष सापडला.

नवीन ग्रिप चिकटवताना गोंद मुठीच्या फिरत्या नळीच्या आत उतरणं, हँडगार्डचा क्लॅम्प नळीला दाबणं, गरम ग्रिपची वायर वळताना ताणली जाणं, पडल्यावर हँडलचा पाइप किंचित वाकणं, ही इथली नेहमीची कारणं. नळी काढून पाइप आणि नळीची आतली बाजू कोरड्या कापडाने पुसा. सेन्सर मुठीतच असेल तर तिथे तेल किंवा फवारा मारू नका. मॅन्युअलने सांगितलं नसेल तर कोरडंच बसवा. केबल असलेल्या गाडीत केबलची ढील, तिची वाट आणि ती अडखळते का ते तपासा.

पायरी २: बॅटरी आणि अर्थ (अर्थिंग)

हे वाचून कंटाळा येईल, पण टाळू नका. ईसीयू आणि पाकळीची मोटर दोघंही व्होल्टेजवर जगतात, आणि अशक्त बॅटरी थ्रॉटलच्या दोषाचं सोंग हुबेहूब वठवते. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर १२.५ च्या आसपास किंवा जास्त व्होल्ट हवेत. इंजिन चालू असताना, थोडी रेस दिल्यावर, साधारण १३.५ ते १४.५. स्टार्टर फिरताना १० च्या बराच खाली घसरत असेल तर आधी बॅटरी चार्ज करून तपासून घ्या. दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा, तसूभर हललं तरी घट्ट करा. मायनसची वायर इंजिनाला किंवा चासीला जिथे जोडलीय तो बोल्ट खोलून गंज खरवडून परत बसवा. जादा दिवे किंवा अलार्म थ्रॉटलच्या वायरिंगमधून टॅप केले असतील तर ते आधी काढा, मग पुढची तपासणी करा.

पायरी ३: चावी फिरवा आणि ऐका

कान थ्रॉटल बॉडीजवळ नेऊन चावी आणि किल स्विच चालू करा. इंजिन सुरू करू नका. पुष्कळ गाड्यांत ईसीयू या वेळी पाकळी उघडून मिटवून बघतो आणि बारीक घर्रर्र ऐकू येतं. पेट्रोल पंपाचा आवाज वेगळा, तो टाकीतून येतो. पाकळीचा आवाज मध्येच थबकला, कचकचला किंवा रोजच्यापेक्षा लांबला तर आत काहीतरी अडतंय. आवाजच नसेल तर लगेच निष्कर्ष काढू नका, काही गाड्या ही चाचणी करतच नाहीत. या वेळी पाकळीत बोट घालू नका, मोटर बोट चांगलंच चिरडू शकते.

पायरी ४: कोड वाचा, पुसू नका

स्कॅनर लावल्यावर नवखा माणूस सगळ्यात आधी "क्लिअर" दाबतो. तसं केलं की दोष आला तेव्हाचे आकडेही त्याच्याबरोबर जातात. आधी कोड लिहून घ्या, फोटो काढा. युरो ५ या प्रदूषण-नियमाच्या गाड्यांत साधारणपणे सीटखाली आयएसओ १९६८९ प्रमाणातला सहा पिनांचा कनेक्टर मिळतो. आधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्याला अडॅप्टर लागतो. काही गाड्या मीटरवर स्वतःचे आकडे दाखवतात किंवा लाइट ठरावीक वेळा मिचकावतात, त्यांचा अर्थ मॅन्युअलमध्ये असतो.

पी २१३८, पी २१२२, पी २१२३, पी २१२७, पी २१२८ हे कोड मागणीच्या बाजूचे, म्हणजे मुठीचा सेन्सर आणि त्याची वायर. पी २१३५, पी ०१२२, पी ०१२३, पी ०२२२, पी ०२२३ हे पाकळीच्या सेन्सरचे. पी २१०० आणि पी २१०१ मोटरच्या सर्किटचे. पी २१११ म्हणजे पाकळी उघडी अडकली, पी २११२ म्हणजे मिटलेली अडकली. पी ०५६२ असेल तर व्होल्टेज कमी आहे, पायरी २ पुन्हा करा.

कोड दोषाची जागा दाखवतो, दोषी भाग नाही. पी २१३५ आला म्हणून पाकळीचा सेन्सर गेलाच असं नाही. त्याच्या सामायिक ५ व्होल्टच्या वायरीत किंवा अर्थमध्ये दोष असला तरी हाच कोड येतो. दोन-तीन सेन्सरचे कोड एकत्र आले तर त्या सगळ्यांची जी वायर एक आहे तिचा माग घ्या. तीन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत.

पायरी ५: चालू आकडे बघा

खरा निकाल इथे लागतो, म्हणून घाई करू नका. स्कॅनरवर तीन आकडे एकत्र लावा: मुठीची टक्केवारी, पाकळीचं अपेक्षित उघडणं, पाकळीचं प्रत्यक्ष उघडणं. काही स्कॅनर मधला आकडा दाखवत नाहीत, तरी दोन पुरतात.

चावी चालू, इंजिन बंद ठेवून मूठ अतिशय सावकाश पिळा. शून्यापासून शेवटापर्यंत जायला दहा सेकंद तरी लागले पाहिजेत. मग तितक्याच सावकाश परत. आकडा सलग चढायला आणि सलग उतरायला हवा. १४, १५, १६ असं जाताजाता मध्येच ३ किंवा ४० दिसला, किंवा मूठ फिरत असताना आकडा एका जागी रेंगाळून पुढे उडी मारली, तर मुठीचा सेन्सर किंवा त्याची वायर दोषी. नेहमीच्या चालण्यात मूठ ज्या थोड्या भागात राहते तो भाग विशेष बघा, घासून जाणारे सेन्सर तिथेच आधी झिजतात. मूठ सोडल्यावर आकडा ० वर येत नाही, २ किंवा ३ वर अडतो, तर पायरी १ वर परत जा: रबर घासत असेल.

मुठीचा आकडा स्वच्छ चालतोय आणि पाकळीचा प्रत्यक्ष आकडा मागे रेंगाळतोय, तर दोष अंमलात आहे. पाकळी, तिची मोटर, गिअर, सेन्सर किंवा वायर यांपैकी काहीतरी. हुकूम आणि अंमल जुळतात, पण हुकूमच मागणीपेक्षा कमी आहे, तर ईसीयू कुठल्यातरी कारणाने आवरून धरतोय. रायडिंग मोड, ट्रॅक्शन कंट्रोल, तापमान, साइड स्टँडचा स्विच, साठलेले कोड बघा. बऱ्याच गाड्या इंजिन बंद असताना पाकळी पूर्ण उघडत नाहीत, म्हणून हे आकडे इंजिन चालू ठेवूनही बघा. न्यूट्रलमध्ये, मोकळ्या हवेत, स्टँडवर, आणि किल स्विचवर अंगठा ठेवून.

तिन्ही आकडे जवळजवळ शून्यावर आहेत आणि तरी रेस वर आहे? मग पाकळीला सोडा. हवा दुसरीकडून शिरतेय, पायरी ८ वर जा. पाकळीचा आकडा मिटल्यावरही अगदी ० दाखवत नाही, थोडासा असतोच. तुमच्या मॉडेलचा योग्य आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

पायरी ६: वायर आणि कनेक्टर

आकड्यांवर नजर ठेवून दुसऱ्या हाताने वायरिंग हलवा. आधी मुठीजवळचा कनेक्टर, मग हँडलच्या मानेपाशी वाकणारा भाग, मग टाकीखालचा, शेवटी थ्रॉटल बॉडीवरचा. एखाद्या जागी हात लागताच आकडा उडी मारतो किंवा लाइट लागतो. तीच जागा. हँडल लाखो वेळा वळून मानेपाशी वायर आतून तुटते आणि बाहेरचं आवरण मात्र धड दिसतं, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नका.

कनेक्टर उघडण्याआधी चावी बंद. आत टॉर्च मारा. पिनेवर हिरवट भुकटी म्हणजे ओल पोचली. एखादी पीन मागे सरकलेली किंवा मादीचा जबडा फाकलेला असेल तर बसवताना "खट" होतं, पण पकड नसते. हे ओळखायला मॅन्युअलने सांगितलेल्या मापाची जुळणारी पीन हलकेच घालून बघा, तिला किंचित विरोध जाणवायला हवा. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, सुकू द्या. रबरी सील फाटलं असेल तर ते बदला, नाहीतर पुढच्या पावसात हेच होईल.

मल्टिमीटरने बघायचं तर कनेक्टर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने बारीक टोक सरकवा. वायरचं आवरण टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं. चावी चालू ठेवून सेन्सरच्या पुरवठ्यावर ५ व्होल्टच्या जवळपास हवेत. सेन्सरचा अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यात फरक ०.१ व्होल्टपेक्षा कमी हवा. मग एकेक सिग्नल वायर धरून मूठ सावकाश पिळा. व्होल्टेज सलग बदलायला हवं. डिजिटल मीटर बारीक उड्या चुकवतो, म्हणून किमान-कमाल नोंद ठेवणारा असेल तर तो पर्याय वापरा. हॉल सेन्सर (न घासता, चुंबकाच्या आधारे मोजणारा सेन्सर) असेल तर त्याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, त्यात पडू नका. आणि पाकळीच्या मोटरला थेट बॅटरीचा करंट कधीही देऊ नका. ईसीयू तिला तुकड्यातुकड्यांनी, मोजून करंट देतो. १२ व्होल्टचा सरळ झटका प्लास्टिकच्या गिअरचे दात मोडू शकतो.

तापल्यावरच येणारा दोष थंड गाडीत सापडत नाही. अशा वेळी केस वाळवायच्या ड्रायरने संशयित सेन्सर हाताला गरम लागेल इतपत तापवा आणि आकडे बघत राहा.

पायरी ७: पाकळी

एअर बॉक्स काढल्यावर पाकळी दिसते. क्रँककेसमधली तेलकट वाफ ब्रीदरच्या नळीतून एअर बॉक्समध्ये येते आणि पाकळीच्या कडेला थर धरते. मिटलेल्या पाकळीच्या बरोबर रेषेत, भिंतीवर तपकिरी-काळी कड दिसली तर समजा पाकळी मिटताना त्या चिकट कडेत रुतते. मूठ जरा पिळल्यावर आधी काही नाही आणि मग झेप, हे लक्षण बहुधा याचंच. इंजिन ऑइल खुणेच्या वर भरणं आणि धुता येणाऱ्या एअर फिल्टरला जास्त तेल लावणं यांनी हा थर लवकर वाढतो. नुसतं साफ केलं आणि ही कारणं तशीच ठेवली तर थोड्याच दिवसांत परत तिथेच याल.

चावी बंद करा, थ्रॉटल बॉडीचा कनेक्टर काढा. मॅन्युअल पाकळी हाताने हलवू नका म्हणत असेल तर ते पाळा, स्कॅनरमधून ती उघडायची सोय असते. परवानगी असेल तर एका बोटाने, सावकाश, जोर न लावता दाबा. सलग विरोध जाणवायला हवा, खडखड किंवा खाच नको. सोडल्यावर पाकळी स्वतःच्या जागी परत यायला हवी. इथेच खाच लागली तर गिअर किंवा शाफ्ट गेलाय आणि साफसफाईने ते सुटणार नाही.

क्लीनर कापडावर मारा, पाकळीवर नाही. थेट फवारा शाफ्टच्या कडेने आत, सेन्सरपर्यंत झिरपतो. कार्ब्युरेटर क्लीनर वापरू नका, तो रबरी सील आणि काही थ्रॉटल बॉडींच्या भिंतीवरचं कंपनीने दिलेलं पातळ लेपन खाऊ शकतो. खरवडू नका, सँडपेपर लावू नका. पाकळीचा थांबा ठरवणारा छोटा स्क्रू, बहुतेक वेळा रंगाने सील केलेला, अजिबात फिरवू नका. आयडलिंग त्याने नीट करता येत नाही आणि पुढे सगळे आकडे चुकतात. सिंगल सिलिंडरला एकच पाकळी, पण चार सिलिंडरच्या गाडीत सगळ्या साफ करा, एकच साफ केली तर समतोल बिघडतो.

पायरी ८: चोरटी हवा

थ्रॉटल बॉडी आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं रबरी बूट उन्हाने, उष्णतेने कडक होऊन तडकतं. त्याचा क्लॅम्प ढिला असतो, किंवा व्हॅक्यूमच्या नळीवरची छोटी टोपी निसटलेली असते. अशा वेळी पाकळी मिटलेली असूनही रेस उतरत नाही. बूट हाताने वाकवून चिरा बघा. इंजिन आयडलवर असताना रबराच्या जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारा, कनेक्टरपासून दूर. गळतीवर पाणी पडलं की इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. काही जण यासाठी ज्वलनशील स्प्रे वापरतात. गरम इंजिनाशेजारी तो आगीला आमंत्रण आहे, करू नका.

पायरी ९: ईसीयूला नव्याने शिकवा

पाकळी साफ केल्यावर आयडलिंग अचानक वाढलं तर घाबरू नका. कार्बन साठत गेला तसा ईसीयूने पाकळी थोडी थोडी जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते. आता वाट मोकळी झाली आणि तेवढ्याच उघडण्यात जास्त हवा जाते. बहुतेक गाड्यांत थ्रॉटलची शिकवणी स्कॅनरमधून किंवा ठरावीक पद्धतीने चावी चालू-बंद करून करतात. प्रत्येक मॉडेलची रीत वेगळी, मॅन्युअलमधली आहे तीच आणि तेवढाच वेळ थांबून करा. या काळात मुठीला हात लावू नका, आणि बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. सेन्सर किंवा थ्रॉटल बॉडी बदलल्यावरही हे लागतंच, न केल्यामुळे नवा भाग खराब निघाला असं समजून परत केलेली उदाहरणं कमी नाहीत.

बदलायचं कधी, आणि गॅरेजला काय सांगायचं

मुठीचा आकडा उड्या मारतो, पुरवठा आणि अर्थ बरोबर आहेत, वायर हलवून फरक पडत नाही: मुठीचा सेन्सर बदला. मागणी आणि हुकूम स्वच्छ, वायर धड, पाकळी साफ, तरी अंमल मागे राहतो किंवा हाताला खाच लागते: थ्रॉटल बॉडी. तिचे आतले भाग बऱ्याचदा सुटे मिळत नाहीत. ईसीयूचा नंबर सगळ्यात शेवटी, दोष तिथे क्वचितच असतो.

इथवर येऊनही थांबावं लागलं तर गॅरेजमध्ये "थ्रॉटल अडकतो" एवढंच सांगू नका. लिहिलेली लक्षणं, कोडचे फोटो, मुठीचा आकडा कुठे उडी मारतो, बॅटरीचे व्होल्ट, काय काय साफ केलं, हे सगळं समोर ठेवा. चांगला मेकॅनिक त्यावरून तासभर वाचवतो. सुटा भाग बदलण्याआधी तो बदलायचं कारण कोणत्या आकड्यावरून ठरलं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, इंजिन पूर्ण तापू द्या, तिन्ही आकडे परत बघा, हँडल दोन्ही टोकांना वळवून मूठ पिळून सोडा. मग रिकाम्या, सपाट जागेत, दोन बोटं क्लचवर ठेवून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मूठ पुन्हा पुन्हा उघडा-मिटवा. परत आल्यावर स्कॅनर लावा. लाइट लागलेला नसतानाही ईसीयूच्या आठवणीत प्रलंबित कोड बसलेला असू शकतो. तो असेल तर गाडी अजून रस्त्यावर काढायची नाही, त्याच कोडपासून पायरी ५ परत सुरू करा.